मदत हवी आहे : तांदळात ठेवलेला फोन, वॉरंटी आणि आईचे व्हॉइस मेसेज

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवट येतील म्हणून सगळं लिहितेय.

नऊ दिवसांपूर्वी बाबांचा फोन खिशातून सटकून भरलेल्या बादलीत पडला. बाहेर काढला तेव्हा चालू होता, स्क्रीनवर वेळ दिसत होती. बाबांनी शेजाऱ्यांच्या फोनवरून मला विचारलं काय करू, आणि मी क्षणाचाही विचार न करता सांगितलं की कोरड्या तांदळाच्या डब्यात खुपसा आणि चार दिवस हात लावू नका. फोन बंद करा हे सांगायचं मला सुचलंच नाही. पाचव्या दिवशी त्यांनी चार्जिंगला लावला, थरथरला, कंपनीचा लोगो आला आणि विझला, मग परत लावला, परत तेच, असं तीनदा. रविवारी मी गेले आणि टॉर्च मारून बघितलं तर चार्जिंगच्या खाचेत तांदळाची पिठी ओली होऊन परत वाळलेली, पांढरी खपली धरली होती. टूथपिकने कोरताना बारीक कणीही निघाली.

फोनचं दुःख नाहीये. आईला जाऊन १४ महिने झाले. तिला टाइप करायचा कंटाळा, त्यामुळे बाबांना सगळं व्हॉइस मेसेजनेच कळवायची. "अहो, चष्मा टेबलावरच राहिलाय, आणि छत्री न्या." असलेच सगळे मेसेज आहेत, दहा-वीस सेकंदांचे, आणि बाबा रोज रात्री झोपण्याआधी त्यातला एक ऐकायचे. नऊ रात्री ते त्याशिवाय झोपतायत.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नेला. ते म्हणाले आतली पाण्याची खूण (पाणी लागलं की रंग बदलते ती) गुलाबी झालीये, बोर्ड (आतलं मुख्य सर्किट) बदलावा लागेल, डेटा जाईल, वॉरंटी लागू नाही आणि डेटाची जबाबदारी आमची नाही या फॉर्मवर सही करा. बाहेर कुठे उघडलात तर उरलेली वॉरंटीही गेली समजा. मी सही न करता फोन परत आणला.

तर जाणकारांनी प्लीज सांगा. बोर्ड बदलला की डेटा खरंच जातो का, की तो दुसरीकडून काढता येतो? चिप काढून वाचतात म्हणे, ते खरं का? फोन आयपी६८ आहे, जाहिरातीत तो पाण्याखाली दाखवतात, मग पाण्याने बिघडला तर वॉरंटी का नाही? आणि बाहेर उघडला तर वॉरंटी जाते हे कायद्याने खरं आहे की नुसतं घाबरवणं? बाबांच्या फोनवर फोटोंचा बॅकअप चालू होता, मीच लावून दिला होता, पण त्यात व्हॉइस मेसेज कुठेच दिसत नाहीयेत.

प्रतिसाद

ताई, मी बोर्ड रिपेअरचंच काम करतो, १२ वर्षं झाली. आधी एक करा, फोन परत चार्जिंगला लावू नका, "बघूया तरी" म्हणून सुद्धा नको. नुसत्या पाण्याने जेवढं नुकसान होतं त्याहून जास्त पाणी आणि करंट एकत्र आले की होतं. पाण्यात क्षार विरघळलेले असतात, त्यातून वीज वाहते आणि बोर्डावरचं तांबं आणि सोल्डर खाऊन टाकते. सूक्ष्मदर्शकाखाली हिरवट-पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं. ही क्रिया पाणी पडल्यावर लगेच सुरू होते, म्हणून पहिलं काम फोन बंद करणं. तांदूळ तिथे काहीच करत नाही. डब्यातल्या तांदळाने हवेतला ओलावा आधीच जेवढा घ्यायचा तेवढा घेतलेला असतो, आणि बंद फोनच्या आत, शील्डच्या पत्र्याखाली अडकलेलं पाणी तो बाहेर कसा ओढणार? उलट पिठी आत जाते, तुम्ही बघितलीच. ॲपलने तर २०२४ साली आपल्या सपोर्टच्या पानावर स्पष्ट लिहिलं की आयफोन तांदळात ठेवू नका, कण आत जाऊन नुकसान करू शकतात. त्यापेक्षा खाच खाली धरून हलकेच टपटप करा आणि वारा खेळेल अशा कोरड्या जागी ठेवा, एवढंच.

आता डेटा. चिप काढून वाचणं हे जुन्या फोनचं. हल्लीच्या फोनमधला डेटा एनक्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा असतो आणि त्याची किल्ली प्रोसेसरशी बांधलेली असते. नुसती मेमरी चिप काढून दुसऱ्या फोनवर लावली तर हाती कचरा लागतो. म्हणून सर्व्हिस सेंटरने बोर्ड बदलला तर डेटा जाणार हे ते खरंच सांगतायत. पण "डेटा जाईल" आणि "डेटा गेलाय" यात फरक आहे, तो अजून जुन्या बोर्डावरच आहे. तोच बोर्ड थोड्या वेळापुरता जिवंत करायचा, पासकोड टाकायचा आणि कॉपी काढायची. त्यासाठी बोर्ड अल्ट्रासॉनिक टबमध्ये धुतात, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पाणी उतरवतात, शॉर्ट शोधतात आणि गेलेले भाग बदलतात. लोगो येत होता म्हणजे प्रोसेसर आणि मेमरी बहुतेक शाबूत आहेत, मला तरी आशा वाटते. खात्री कोणी देत असेल तर त्याच्याकडे देऊ नका.

प्रतिसाद

माझा फोन तळ्यात पडला होता, दोन दिवस तांदळात ठेवला आणि आजही चालतोय. त्यामुळे तांदूळ अगदीच खोटं म्हणता येणार नाही असं मला वाटतं.

प्रतिसाद (रिपेअरवाला)

दादा, तुमचा चालला याचा आनंदच आहे, पण त्या दोन दिवसांत फोन बंद होता ना? तेच कामाला आलं. बंद फोन मोकळ्या हवेत टेबलावर ठेवला असता तरी वाळलाच असता, बहुधा लवकर. ज्यांचे वाचतात ते तांदळाचं नाव सांगतात. ज्यांचे मरतात ते माझ्याकडे येतात आणि त्यांच्याही खाचेत तांदूळच असतो.

प्रतिसाद

कायद्याच्या बाजूने लिहितो. ग्राहकांच्या केसेस बघतो म्हणून थोडं सविस्तर.

मूळ गैरसमज असा की वॉरंटी म्हणजे विमा. तसं नसतं हो. वॉरंटी म्हणजे वस्तू घडवताना राहिलेल्या दोषाची हमी. फोन हातून पडला, बादलीत गेला हा अपघात, त्याला वेगळं अपघात-कव्हर किंवा विमा लागतो. त्यामुळे पाण्याचं नुकसान नाकारलं यात सर्व्हिस सेंटरने जगावेगळं काही केलेलं नाही, राग येतो तरी.

आयपी६८ चं म्हणाल तर त्यातला पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं. ६८ म्हणजे त्याहून कडक, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनीच ठरवते आणि बारीक अक्षरात लिहिते. चाचणी नव्या फोनवर, प्रयोगशाळेतल्या स्वच्छ, स्थिर पाण्यात होते. साबण, समुद्र, तरण तलाव हे त्यात धरलेलं नसतं. आतली रबरी सील आणि गोंद उष्णतेने, पडापडीने, वयाने सैल पडतात. दोन वर्षं वापरलेला फोन म्हणजे तो चाचणीतला फोन नव्हे.

पण जाहिरातीबद्दल तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि तुम्ही एकट्या नाही. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०२० मध्ये ॲपलला याच मुद्द्यावर १ कोटी युरो दंड केला, की एकीकडे पाणीरोधक म्हणून विकायचं आणि दुसरीकडे पाण्याचं नुकसान वॉरंटीत घ्यायचं नाही. ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये सॅमसंगला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर भरावे लागले, जाहिरातीत फोन तरण तलावात आणि समुद्राच्या पाण्यात वापरता येतो असं सुचवलं म्हणून. म्हणजे जाहिरात दिशाभूल करणारी असेल तर तक्रारीला जागा आहे. फक्त ती वॉरंटीची तक्रार नाही, दिशाभूल केल्याची तक्रार आहे. हा फरक लक्षात घेतला नाही की लोक चुकीचा अर्ज करतात आणि तो फेटाळला गेला की कायद्यात काही दमच नाही म्हणून गप्प बसतात. मला याचं फार वाईट वाटतं.

"उघडलात तर वॉरंटी गेली" हे वाक्य सरसकट खरं नाही. अमेरिकेत १९७५ च्या कायद्यानुसार फक्त बाहेर दुरुस्ती केली एवढ्यावरून वॉरंटी नाकारता येत नाही, त्या दुरुस्तीमुळेच बिघाड झाला हे कंपनीने दाखवावं लागतं, आणि असल्या अटी घालणाऱ्या सहा कंपन्यांना तिथल्या व्यापार आयोगाने २०१८ मध्ये ताकीदही दिली. प्रत्येक देशात नियम वेगळा, त्यामुळे आपल्या इथला बघून घ्या. तुमच्या बाबतीत हा प्रश्न तसाही उरलेला नाही, पाण्याची खूण गुलाबी झाली तिथेच वॉरंटीचा विषय संपला. मग बाहेर उघडायला घाबरायचं कशाला? सही केली नाहीत ते उत्तम केलंत. फॉर्मवरची सही ही औपचारिकता असते हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. बोर्ड बदलायला संमती दिलीत की जुना बोर्ड बहुतेक वेळा परत मिळत नाही.

प्रतिसाद

धागाकर्तीला एक विचारायचंय. आई फक्त बाबांनाच मेसेज पाठवायच्या का? सगळे फोनच्या मागे लागलेत, पण व्हॉट्सॲपचा मेसेज एकदा पोचला की त्याची प्रत पाठवणाऱ्याच्या फोनमध्ये असते आणि घेणाऱ्याच्याही. त्यांच्या सर्व्हरवर जपून ठेवलेला नसतो, म्हणून कंपनीला मेल करून उपयोग नाही, हाही अनेकांचा गैरसमज. पण घरच्या ग्रुपवर बोललेलं ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असू शकतं. आणि आईंचा स्वतःचा फोन कुठे आहे? त्यात बाबांना पाठवलेला प्रत्येक मेसेज असणार.

फोटोंच्या बॅकअपचं सांगतो. ते ॲप फक्त फोटो आणि व्हिडिओ घेतं, आवाजाच्या फायलींना हातही लावत नाही. व्हॉट्सॲपचा बॅकअप त्याच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये वेगळा असतो. "बॅकअप चालू आहे" असं एकदा वाचलं की आपल्याला वाटतं सगळाच चालू आहे. आणि सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, सिंकमध्ये एकीकडे डिलीट केलं की दुसरीकडूनही जातं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. हे वाचून रात्री उशिरापर्यंत बसले होते.

आईचा फोन आम्ही तिच्यामागे फॅक्टरी रीसेट करून देऊन टाकला. देताना वाटलं होतं की सगळं "क्लाउडवर" आहेच. ते आता लिहितानाही हात थांबतोय. माझा फोनही मध्यंतरी बदलला आणि चॅट नवीन फोनवर घेतलेच नव्हते.

पण मावशीला फोन केला. तिने आईचं चॅट कधी पुसलंच नाहीये. फोन अँड्रॉइड आहे, त्यामुळे फाइल मॅनेजरमध्ये शोधलं. व्हॉट्सॲपच्या मीडियामध्ये व्हॉइस नोट्सचं फोल्डर आहे, त्यात आठवड्याआठवड्याची फोल्डरं आणि आत पीटीटी या अक्षरांनी सुरू होणाऱ्या फायली, कोणाचा आवाज आहे ते नावावरून कळत नाही. दोघी व्हिडिओ कॉलवर बसून एकेक ऐकत गेलो. ६३ सापडले आईचे. त्यातल्या एकात मागून बाबांचा आवाज येतोय, आई मध्येच "थांबा हो, बोलतेय ना मी" म्हणते आणि पुढे मावशीला औषधाच्या वेळा सांगते. तो बाबांना ऐकवला.

बाबांच्या फोनमधले हवेतच. रिपेअरवाल्या दादांचा व्यनि (खाजगी निरोप) मिळाला, फोन उद्या देतेय. बॅटरी काढून देऊ का तशीच? आणि पासकोड सांगणं सुरक्षित आहे का?

अजून एक, बाबांना तात्पुरता दुसरा फोन दिलाय आणि ते तो पूर्ण शून्यावर आणून मगच चार्ज करतात, शिवाय दर तासाला सगळी ॲप्स सरकवून बंद करतात. हे बरोबर आहे का? माझा आता माझ्याच माहितीवर भरवसा राहिलेला नाही.

प्रतिसाद (रिपेअरवाला)

बॅटरीला तुम्ही हात लावू नका, चिकटवलेली असते, वाकली तर पेट घेऊ शकते. पासकोड लागणारच, त्याशिवाय एनक्रिप्शन उघडत नाही. मी ग्राहकाला समोर बसवून त्यांनाच टाकायला सांगतो. बाबांना घेऊन या, लांब असलात तर व्हिडिओवर बसू.

शून्यावर आणायची सवय जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीची. लिथियमला ती उलट मारक आहे, मधूनमधून थोडं थोडं चार्ज केलेलं चालतं, फक्त गरम होऊ देऊ नका. ॲप्स सरकवून बंद केल्याने बॅटरी वाचत नाही, परत उघडताना जास्तच लागते. रागावू नका त्यांच्यावर, त्यांच्या पहिल्या फोनला हे बरोबरच होतं.

आणि मावशीच्या फोनमधल्या त्या ६३ फायली आजच कॉपी करा. एक प्रत तुमच्या कॉम्प्युटरवर, एक पेनड्राइव्ह किंवा हार्डडिस्कवर आणि एक दुसऱ्या कोणाच्या घरी किंवा क्लाउडवर. मावशींनाही सांगा की तोपर्यंत स्टोरेज भरलं म्हणून काही साफ करू नका.

धागाकर्ती

कॉपी झाल्या, तीन ठिकाणी. मावशीकडची पेनड्राइव्ह तिने दागिन्यांच्या डब्यात ठेवलीये. गुरुवारी बाबांना घेऊन येते, फोनचं जे होईल ते इथेच लिहीन.