मदत हवी आहे: शब्द दिलेलं शिलाई मशीन थांबवून ठेवू का?

नमस्कार मंडळी. आईंचं पायाचं शिलाई मशीन विकायला ऑनलाइन टाकलंय. राजारामपुरीत घरीच आहे. पट्टा नवा घातलाय, बॉबिन केस मात्र कधीकधी दोरा गुंतवते, ते फोटोखाली आधीच लिहिलं होतं.

गारगोटीच्या एका ताईंशी ४,५०० ला ठरलं. रविवारी एसटीनं येऊन, चालवून बघून नेणार म्हणाल्या. काल दुसरे एकजण ५,५०० रोख घेऊन आजच यायला तयार झाले. मला पैशांची गरज आहे, पण त्या ताई ब्लाऊज शिवायचं काम सुरू करतायत. दिलेला शब्द फिरवायला मन धजत नाही.

अशा वेळी ताईंकडून ५०० रुपये विसार मागणं बरं दिसेल का? मागच्याच आठवड्यात एकानं मला क्यूआर कोड पाठवून ‘स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील’ म्हटलं. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही, म्हणून वाचले. आता मीच आगाऊ मागितले तर ताईंना माझाही तसाच संशय येईल, ही धास्ती आहे.

आणि दुसऱ्यांना काय कळवू? तुम्ही काय केलं असतं? आज संध्याकाळपर्यंत सांगा, प्लीज.