[सभासद-यादी] बाहेरून आणलेल्या मोटारहोमची वॉरंटी: दार कुणाचं ठोठवायचं?

प्रेषक: बंडू

नमस्कार मंडळी,

यादीवर मोटारहोमवाले, म्हणजे राहायचं घरच गाडीवर बांधलेलं असतं तसल्या गाड्यांवाले, बरेच आहेत, म्हणून इथेच विचारतो. आमची गाडी युरोपात बांधलेली, इथल्या डीलरने आयात करून आम्हाला विकलेली. दुसरं वर्ष चालू आहे. मागच्या खिडकीखालच्या कोपऱ्यात आतलं पॅनेल फुगलंय, बोटाने दाबलं की मऊ लागतं. थंडीत हीटर पेटतो, थोडा वेळ चालतो आणि एरर कोड दाखवून बंद पडतो. एका रात्री अख्खी पाण्याची टाकी गाडीखाली रिकामी झाली. वर डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला आहेच.

डीलर म्हणतो, इंजिन आमच्याकडे येत नाही, हीटर ज्या कंपनीचा तिला विचारा, भिंतीचं कारखान्याला कळवलंय. कारखान्याला मेल केली तर उत्तर आलं, डीलरशी बोला. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, इथे तर चार घरं आहेत. नेमकं कुणाला धरायचं?

बंडू

---

प्रेषक: अण्णा
विषय: उत्तर: बाहेरून आणलेल्या मोटारहोमची वॉरंटी

बंडू,

चार घरं आहेत हे तुझं बरोबर आहे. गाडी एक दिसते, पण ती एका कारखान्यात जन्मत नाही. युरोपातली कितीतरी मोटारहोम फियाट ड्युकाटोवर बांधलेली असतात. ती बेस गाडी इटलीत आतेस्सा इथे तयार होते, पुढचं केबिन आणि इंजिन घेऊन घर बांधणाऱ्याच्या कारखान्यात जाते. काहींना मागची मूळ चॅसिस (खालचा सांगाडा) काढून अल-को कंपनीची हलकी चॅसिस जोडतात. मग त्यावर घर चढतं, आणि घरात हीटर एकाचा, फ्रिज दुसऱ्याचा, संडासाची कॅसेट तिसऱ्याची. प्रत्येकाची वॉरंटी वेगळी, मुदत वेगळी, अटीही वेगळ्या.

म्हणून आधी गाडीवरच्या प्लेटा शोध. बेस गाडीची प्लेट साधारणपणे बॉनेटखाली किंवा दाराच्या चौकटीशी असते, घर बांधणाऱ्याची दुसरी, अल-को असेल तर आणखी एक. चॅसिस नंबर 17 अंकी-अक्षरी असतो. घराचा अनुक्रमांक त्याहून वेगळा असू शकतो आणि भिंत, खिडकी, कपाट यांचे पार्ट मागवताना तोच विचारतात. हीटर आणि फ्रिजवर त्यांचे स्वतःचे स्टिकर असतात. सगळ्यांचे फोटो काढून एका ठिकाणी ठेव. हे नसलं की प्रत्येक फोन पहिल्यापासून सुरू होतो.

आता तुझ्या तक्रारी.

> डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा

यासाठी मोटारहोमचा डीलर लागतच नाही. बेस गाडीच्या कंपनीचं व्यापारी वाहनांचं वर्कशॉप गाठ. मोटारींच्या गॅरेजात जाऊ नकोस, तिथल्या लिफ्टला साडेतीन टन आणि तीन मीटर उंची झेपत नाही. चॅसिस नंबर सांगून फोनवर दोन गोष्टी विचार: त्यांच्या सिस्टिममध्ये वॉरंटी कोणत्या तारखेला सुरू झालेली दिसते, आणि एखादा रिकॉल, म्हणजे सदोष भागासाठी कंपनीने गाड्या परत बोलावणं, बाकी आहे का. बेस गाडी आधी तयार होते, घर नंतर चढतं, मग जहाजात, मग डीलरच्या अंगणात. विक्रीची नोंद डीलरने नीट केली नसेल तर तारीख चुकीची असू शकते. ती तुझ्या बिलावरून दुरुस्त करून घे.

> अख्खी पाण्याची टाकी गाडीखाली रिकामी झाली

त्या रात्री थंडी किती होती? तुझा हीटर ट्रूमा कंपनीचा कॉम्बी (हवा आणि पाणी दोन्ही तापवणारा) असेल तर त्यात फ्रॉस्ट कंट्रोल नावाचा व्हॉल्व्ह असतो. आसपासचं तापमान 3 अंशांच्या जवळ आलं की तो आपोआप उघडतो आणि बॉयलरमधलं 10 लिटर पाणी बाहेर सोडतो, म्हणजे ते गोठून बॉयलर फुटू नये. पंप चालू राहिला असेल तर पंप इमानेइतबारे टाकीतलंही पाणी ओढून बाहेर टाकत राहतो. बिघाड नाही, व्हॉल्व्हने आपलं काम केलं. साधारण 7 अंशांच्या वर गेल्याशिवाय तो बंद करता येत नाही, जबरदस्तीने बटण दाबू नकोस. ही तक्रार यादीतून काढ. चार तक्रारींतली एक फुसकी निघाली की डीलर बाकीच्या तीनही त्याच तागडीत टाकतो.

> हीटर पेटतो, थोडा वेळ चालतो आणि बंद पडतो

गॅसच्या सिलिंडरात काय भरलंय? ब्युटेन शून्याच्या थोडं खालीच वाफ व्हायचं थांबतं, प्रोपेन उणे 42 पर्यंत चालतं. सुरुवातीला थोडी वाफ असते म्हणून हीटर पेटतो, मग दाब पडतो आणि तो स्वतःला बंद करतो. प्रोपेनचा भरलेला सिलिंडर लावून बघ. तरीही तेच झालं तर 12 व्होल्टची बॅटरी भाराखाली किती पडते ते मोज. दोन्ही ठीक असेल तर मात्र गॅसच्या दाबाकडे बघायला हवं, आणि इथे आयातीचा संबंध येतो. युरोपातली आताची उपकरणं 30 मिलीबारवर चालतात, जुन्या जर्मन गाड्या 50 वर. ऑस्ट्रेलियात 2.75 किलोपास्कल म्हणजे 27.5 मिलीबार. गाडी विकण्याआधी रेग्युलेटर कुणी बदलला, गॅसची तपासणी कुणी केली, त्याचा कागद डीलरकडून माग. एरर कोडचा फोटो आणि त्या वेळचं तापमान लिहून ठेव. हीटर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांचं स्वतःचं सर्व्हिसचं जाळं बऱ्याच देशांत असतं, आणि त्यांना अनुक्रमांक व कोड दिला की ते डीलरपेक्षा सरळ बोलतात.

उरली भिंत. खरी तक्रार तीच आहे, त्यावर रात्री लिहितो.

अण्णा

---

प्रेषक: नाना
विषय: उत्तर: उत्तर: बाहेरून आणलेल्या मोटारहोमची वॉरंटी

अण्णा, हे सगळं डीलरकडून घेतली तर. आमच्यासारख्यांचं काय, ज्यांनी अमेरिकेत बांधलेली गाडी स्वतः जहाजातून युरोपात आणली? वॉरंटीच्या पुस्तिकेत बहुधा बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ती अमेरिका आणि कॅनडापुरतीच. म्हणजे बंदर सोडलं की वॉरंटी संपली. हे गृहीत धरूनच आम्ही आणली. स्वतः आणणाऱ्याने वॉरंटीची किंमत शून्य धरावी आणि तेवढे पैसे दुरुस्तीला बाजूला ठेवावेत, असं माझं स्पष्ट मत.

घरातल्या 12 व्होल्टच्या वस्तू कुठेही दुरुस्त होतात. त्रास 120 व्होल्ट, 60 हर्ट्झच्या वस्तूंचा. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही, त्यामुळे एसीची मोटर 50 हर्ट्झवर हळू फिरते आणि तापते. शिवाय तिकडची कायदेशीर रुंदी 102 इंच, म्हणजे 2.59 मीटर. युरोपातली मर्यादा 2.55. घेण्याआधी फीत लावून मोजा.

आणि एक सांगायचं राहतं. रिकॉल आणि वॉरंटी वेगळ्या. रिकॉलची पत्रं नोंदणीच्या पत्त्यावर जातात, आणि देशाबाहेर गेलेल्या गाडीचा पत्ता तिथल्या नोंदीत नसतो. म्हणून आम्ही वर्षातून एकदा चॅसिस नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघतो. घर बांधणाऱ्याचे रिकॉल वेगळे असतात, तिथेही बघावं लागतं.

नाना

---

प्रेषक: सचिव

सभासदांना विनंती, मेलला उत्तर देताना मागचा सगळा मजकूर पुन्हा जोडू नये. आणि प्लेटांचे फोटो यादीवर पाठवू नयेत, चॅसिस नंबर सगळीकडे फिरतो.

---

प्रेषक: माई
विषय: उत्तर: बाहेरून आणलेल्या मोटारहोमची वॉरंटी

बंडू, अण्णांनी यंत्राचं सांगितलं, मी कागदाचं सांगते.

तू कारखान्याच्या वॉरंटीमागे धावतो आहेस. ती कारखान्याने स्वतःहून दिलेली, स्वतःच्या अटींवर दिलेली गोष्ट. तिच्याशिवाय कायद्याने मिळणारा हक्क वेगळा, आणि तो बहुतेक ठिकाणी विकणाऱ्यावर चालतो. ज्याला तू पैसे दिलेस त्याच्यावर. «कारखान्याचं उत्तर आलं नाही» ही त्याची अडचण, तुझी नाही.

यादीवर वेगवेगळ्या देशांतली मंडळी आहेत म्हणून थोडं थोडं सगळ्यांसाठी. ब्रिटनमध्ये 2015 चा कन्झ्युमर राइट्स अ‍ॅक्ट आहे. पहिल्या 30 दिवसांत सदोष वस्तू परत करता येते, त्यानंतर विकणाऱ्याला दुरुस्तीची एक संधी, ती फसली तर किंमत कमी करून घेणं किंवा वस्तू परत करणं. पहिल्या सहा महिन्यांत दिसलेला दोष मुळातलाच होता असं धरतात, नव्हता हे विकणाऱ्याने सिद्ध करायचं. युरोपीय संघात विकणाऱ्यावर किमान दोन वर्षांची जबाबदारी. ऑस्ट्रेलियात तर एक फार कामाची तरतूद आहे: मूळ उत्पादकाचं त्या देशात कार्यालय नसेल तर आयात करणाऱ्यालाच कायद्याने उत्पादक मानतात. न्यूझीलंडच्या 1993 च्या कायद्यातही तसंच. म्हणजे तिथल्या आयातदाराला «आम्ही फक्त मधले» असं म्हणता येत नाही.

नाना म्हणतात ते या सगळ्याला अपवाद. स्वतः आणली की आयातदार तुम्हीच, मग भांडायचं कुणाशी?

फोनवर बोलणं बंद कर. फोन झालाच तर त्याच संध्याकाळी «आज आपलं असं बोलणं झालं» अशी मेल टाक. तक्रारी वेगवेगळ्या मेलमध्ये लिही, नाहीतर ते सोप्या तक्रारीला उत्तर देऊन अवघड तशीच सोडतात. आणि वाजवी मुदत देऊन तारीख लिही.

माई

---

प्रेषक: अण्णा
विषय: भिंतीची ओल

हल्लीच्या मोटारहोमची भिंत म्हणजे बाहेर फायबरग्लास किंवा अ‍ॅल्युमिनियम, मधे फोम, आत पातळ प्लाय, सगळं एकमेकांना चिकटवलेलं. खिडकीच्या किंवा कोपऱ्याच्या सीलमधून पाणी शिरलं की ते आतल्या आत लांब पसरतं आणि भलतीकडेच दिसतं. फुगलंय तिथेच गळतंय असं समजू नकोस. वरचा दिवा, छताची खिडकी, मागच्या कॅमेऱ्याची वायर, सगळं बघायला हवं. डीलरने आयातीनंतर इथे कॅमेरा, सौर पॅनेल किंवा बाजूला उघडायचं कापडी छप्पर लावून दिलं असेल तर ते भोक त्याचं, कारखान्याचं नव्हे. बिलावर काय काय बसवलंय ते वाच.

ओल मीटरने मोजतात. ब्रिटनमधल्या वर्कशॉपांत साधारण 15 टक्क्यांपर्यंत ठीक धरतात, 20 च्या वर शोध घेतात, 30 च्या वर आतलं लाकूड खराब झाल्याची शंका धरतात. अहवालात प्रत्येक भिंतीच्या चित्रावर आकडे लिहिलेले हवेत. नुसतं «तपासलं, ठीक» असा शिक्का घेऊ नकोस.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाणी न शिरण्याची वॉरंटी इतर वॉरंटीपेक्षा लांब असते, पाच वर्षं, काहींची दहासुद्धा. पण जवळजवळ सगळीकडे अट असते की दरवर्षी ठरलेल्या महिन्यांत अधिकृत जागी ओलीची तपासणी करून पुस्तिकेत शिक्का घ्यायचा. एक वर्ष चुकलं की ती संपली. इंजिनाचं तसं नाही. युरोपात नेहमीचं सर्व्हिसिंग बाहेरच्या गॅरेजात, कंपनीच्या वेळापत्रकाप्रमाणे आणि योग्य तेल व पार्ट वापरून केलं तर तेवढ्यावरून वॉरंटी नाकारता येत नाही. लोक या दोन्हींची सरमिसळ करतात आणि तेल बदलायला अधिकृत जागी जातात, ओल मोजायला कोपऱ्यावरच्या माणसाकडे. उलटं करा.

डीलर बंद झाला किंवा त्याने तो ब्रँड सोडला तर कारखान्याला लिहून विचारायचं, या देशात तपासणी कुणाकडून केली तर चालेल. उत्तर लेखी घ्यायचं. जवळच्या दुसऱ्या ब्रँडच्या वर्कशॉपला ते परवानगी देतात, पण आधी विचारलं तरच.

पार्टांचं म्हणशील तर उन्हाळ्यात कारखाने बंद असतात आणि तेव्हाच पुढच्या वर्षाचं मॉडेल सुरू होतं. इटलीत ऑगस्टमध्ये कुणी फोन उचलेल या आशेवर राहू नकोस.

अण्णा

---

प्रेषक: बंडू

अण्णा, माई, नाना, आभारी आहे.

प्रोपेन लावल्यावर हीटर रात्रभर चालला, म्हणून ती तक्रार सोडली. इंजिनाचा दिवा सेन्सरचा निघाला, व्यापारी वाहनांच्या वर्कशॉपने बेस गाडीच्या वॉरंटीत बदलून दिला. बिलावर मागचा कॅमेरा सापडला, डीलरनेच बसवलेला, त्याची वायर बरोबर त्या खिडकीच्या वर आत शिरते. ते लिहून मेल केली आणि दुसऱ्याच दिवशी तपासणीची तारीख आली. तोपर्यंत पॅनेल उघडून आत वाळवून ठेवू का? वास यायला लागलाय.

बंडू

---

प्रेषक: माई

बिलकूल नको. तू उघडलंस की «ग्राहकाने खोललं» हे पहिलं वाक्य त्यांच्या अहवालात येईल. वायरच्या भोकावर बाहेरून टेप लाव, तीही फोटो काढून, तारीख टाकून. गाडी छपराखाली घे, खिडक्या किलकिल्या ठेव. तपासणीला स्वतः हजर राहा आणि मीटरचे आकडे त्यांच्याबरोबर तूही लिहून घे.

माई