'वेगेनर्स ग्रॅन्युलोमॅटोसिस' या आजाराच्या नावातून 'वेगेनर' काढले, ते योग्यच झाले का?

गावकूस (धागालेखक)

वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षेत एकाने मला शांतपणे सांगितले, "सर, खंड सरकतात हे सांगणाऱ्या वेगेनर यांनीच हा आजारही शोधला." हसू आले, पण दोष पूर्णपणे त्याचा नव्हता. वेगेनर हे उत्तर जर्मनीतले जुने व्यावसायिक आडनाव आहे. गाडे बनवणाऱ्याला तिकडे वेगेनर म्हणत, आणि तो व्यवसाय गावोगावी असल्यामुळे आडनावही पसरले.

त्यातले आल्फ्रेड वेगेनर (१८८०-१९३०) हे मूळचे हवामानशास्त्रज्ञ. त्यांनी ६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफुर्टमध्ये खंडवहनाची कल्पना मांडली आणि १९१५ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. थंड ढगांत हिमकण वाढून पाऊस कसा तयार होतो, या प्रक्रियेच्या नावात बेर्जेरॉन आणि फिंडायझेन यांच्याबरोबर त्यांचेही नाव आहे. चंद्रावर आणि मंगळावर त्यांच्या नावाची विवरे आहेत, तर ब्रेमरहाफेनची ध्रुवीय संशोधन संस्था १९८० पासून त्यांचेच नाव लावते.

दुसरे फ्रीडरिश वेगेनर (१९०७-१९९०) हे विकृतिशास्त्रज्ञ. नाक, फुप्फुसे आणि मूत्रपिंडे यांतल्या बारीक रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या एका आजाराचे वर्णन त्यांनी १९३६ आणि १९३९ मध्ये केले, आणि पुढे तो आजार त्यांच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. मात्र हिटलर सत्तेवर येण्यापूर्वीच, १९३२ मध्ये, ते नाझींच्या तपकिरी गणवेशाच्या दलात दाखल झाले होते, आणि युद्धकाळात त्यांनी व्यापलेल्या पोलंडमधल्या वूच शहरात, ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीपासून जवळच असलेल्या कार्यालयात काम केले. हे उजेडात आल्यावर, छातीच्या आजारांच्या अमेरिकी तज्ज्ञ संघटनेने त्यांना १९८९ मध्ये दिलेला सन्मान मागे घेतला. २०११ मध्ये अमेरिकेतील आणि युरोपातील संधिवात व मूत्रपिंड तज्ज्ञांच्या संघटनांनी 'ग्रॅन्युलोमॅटोसिस विथ पॉलिअँजायटिस', म्हणजे जीपीए, हे नाव सुचवले. माझ्या मते हे योग्यच झाले. आपले मत काय?

उंबरठा

मी असहमत आहे, आणि फ्रीडरिश वेगेनर यांच्याविषयी मला तिळमात्र सहानुभूती नाही, हे आधीच नमूद करतो. आजाराला दिलेले नाव हा सन्मान असतो, हे आपण गृहीत धरले आहे. माझ्या लेखी ते पत्त्यासारखे असते: रस्त्याला कोणाचे नाव आहे हे न पाहता आपण घर शोधतो. अनेक दशकांचे वाङ्मय याच पत्त्यावर उभे आहे. शिवाय पोलिश अधिकाऱ्यांना ते हवे होते, तरी कोणत्याही न्यायालयात त्यांच्यावर गुन्हा सिद्ध झाला नाही. जे न्यायालयाने केले नाही ते काम नामकरण समितीने का करावे?

काजळी

उंबरठा, पत्त्याची उपमा छान आहे, पण रस्त्यांची नावेही बदलतात आणि टपाल तरीही पोचते. राहिला प्रश्न शिक्षेचा. नाव काढणे ही शिक्षा तेव्हाच ठरते, जेव्हा ते नाव असणे हा त्या माणसाचा हक्क असतो. तसा हक्क इथे मुळातच नव्हता. हाइन्झ क्लिंगर यांनी असाच रुग्ण १९३१ मध्ये नोंदवला होता आणि स्कॉटलंडचे पीटर मॅकब्राइड यांनी त्याहून कितीतरी आधी, १८९७ मध्ये. वेगेनर यांनी हा वेगळा आजार आहे हे नीट मांडले, हे श्रेय त्यांचेच. पण ते श्रेय इतिहासाच्या प्रकरणात राहू शकते, रुग्णाच्या केसपेपरवर ते असण्याची गरज नाही.

रानवाट

मी कान-नाक-घसा विभागात काम करते, म्हणून तत्त्वाऐवजी कामाचे बोलते. आपल्याकडे 'ग्रॅन्युलोमा' (सुजेतून बनलेली पेशींची बारीक गाठ) हा शब्द कानावर पडला की पहिला विचार क्षयरोगाचा येतो. वारंवार नाकातून रक्त, खपल्या, खोकल्यातून रक्त आणि एक्सरेवर पोकळी असलेली गाठ, एवढ्यावर क्षयाची औषधे सुरू होतात आणि महिने निघून जातात. तोवर नाकाचा कणा खचून खोगिरासारखा दिसू लागतो आणि मूत्रपिंडेही धोक्यात येतात. 'वेगेनर' हा शब्द ऐकला की माणूस थबकत असे आणि सी-अँकाची, म्हणजे या आजाराचा माग काढणारी रक्ताची, तपासणी लिहीत असे. नव्या लांबलचक नावाने हा थबकण्याचा क्षण हिरावून घेतला, असे मला वाटते.

गावकूस

रानवाट, उशीर होतो हे खरे, पण तो नावामुळे होत नाही. बायोप्सीच्या अहवालात 'ग्रॅन्युलोमा' हा शब्द जुन्या नावाच्या काळातही येतच होता आणि क्षयाची औषधे तेव्हाही सुरू होतच होती. उलट नव्या नावात 'पॉलिअँजायटिस' आहे, म्हणजे रक्तवाहिन्यांकडे पाहा, असे नावच सांगते. 'वेगेनर' ऐकून जो थबकत असे, त्याला तो आजार आधीच माहीत होता.

उंबरठा

हे मान्य, पण वर्णनात्मक नावांचाही एक त्रास आहे. समज बदलली की ती जुनी पडतात, मग पुन्हा नवी समिती. माणसाचे नाव मात्र काहीच दावा करत नाही, म्हणून ते चुकतही नाही. आल्फ्रेड यांची कल्पना घ्या. खंड कशाच्या जोरावर सरकतात याचे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण टिकले नाही, ते भूपट्टविवर्तनाने, म्हणजे पृथ्वीचे कवच सरकत्या तुकड्यांचे आहे या सिद्धान्ताने, दिले. पण 'वेगेनर यांचा सिद्धान्त' म्हटले की आजही नेमके काय ते कळते.

काजळी

तिथे ते नाव शोभते, कारण त्यामागचे आयुष्य कोणाला लपवावे लागत नाही. ग्रीनलंडमधल्या मोहिमेत हिमस्तराच्या मधोमध अडकलेल्या सहकाऱ्यांना शिधा पोचवण्यासाठी जाऊन परतताना, नोव्हेंबर १९३० मध्ये, आल्फ्रेड वारले. फ्रीडरिश यांचे नाव शिकवताना मात्र प्रत्येक शिक्षकाला ठरवावे लागते की पुढची गोष्ट सांगायची की गिळायची.

रानवाट

गावकूस, बायोप्सीचा मुद्दा मी मान्य करते. पण २०११ च्या शिफारशीतच काही काळ जुने नाव कंसात लिहावे असे म्हटले होते, आणि तो कंस आपण फार लवकर पुसला. गेल्या महिन्यात एका बाईंची २००६ ची फाइल हवी होती. नव्या निवासी डॉक्टरने रेकॉर्ड रूममध्ये 'जी' खाली तासभर शोधली, कारण 'डब्ल्यू' खाली पाहायचे हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.