डच रेखाटनांतला गावकरी: माणूस की देखावा?

समासातला:
‘सतराव्या शतकातील डच रेखाटनांनी सामान्य ग्रामस्थाला प्रथमच मानाचे स्थान दिले’ हे येथील परवाचे विधान मला मुळीच मान्य नाही. ॲम्स्टरडॅमजवळच्या ॲम्स्टेल नदीच्या काठाने हिंडून चित्रकार रेम्ब्राँने काढलेली शेतघरे पाहा. खचलेले गवती छप्पर, कललेले कुंपण, गवताची गंजी, सारे जिवंत आहे. पण घरात राहणारा बहुधा दिसत नाही आणि दिसलाच तर दोन-चार फटकाऱ्यांत उरकलेला असतो. १६१२ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या उत्तरेचे बेमस्टर सरोवर उपसून शेतजमीन झाली, ती ॲम्स्टरडॅमच्या व्यापाऱ्यांच्या पैशावर. त्याच शहरी वर्गाच्या डोळ्यांना सुखावणारा हा गाव आहे.

बोरू:
आपण सोयीचे तेवढेच पाहता. काम्पेन शहरातल्या आव्हरकाम्प या त्याच काळच्या चित्रकाराने रंगवून विकलेल्या रेखाटनांत गोठलेल्या पाण्यावर उंची पोशाखातले श्रीमंत आणि मासे पकडणारे कोळी एकत्रच वावरतात. आणि रेम्ब्राँचे ते कागद मुख्यतः स्वतःसाठी होते. १६५६ मध्ये त्याचे दिवाळे निघाले. त्याला कोणत्या वर्गात बसवणार?

समासातला:
दिवाळे निघाल्याने नजर बदलत नाही. एका बर्फावर उभे राहिल्याने कोळी श्रीमंताच्या बरोबरीचा होतो, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

बांधावरची:
आमच्या गावी चित्रकलेचे विद्यार्थी आले, तेव्हा त्यांनी माझ्या आजीला सकाळभर उन्हात बसवून ठेवले. तिची खुरपणी बुडाली, पण कोणी एक पैसाही दिला नाही. म्हणून मला व्हॅन गॉग मोठा वाटतो. न्यूनेन या डच खेड्यात हाती फारसे पैसे नसतानाही तो शेतकऱ्यांना बसण्याचे पैसे देई. १८८५ च्या काळ्या खडूतल्या त्याच्या वाकलेल्या बाया पाहा. घागऱ्याचा घोळ, ताणलेली पाठ, कामाचे ओझे अंगावर येते.

बोरू:
आजींच्या बाबतीत घडले ते चूकच. परंतु पैसे दिले म्हणजे सन्मान झाला काय? तो प्रोटेस्टंट पाद्र्याचा मुलगा होता. मॉडेल म्हणून बसणारी एक मुलगी गरोदर राहिल्यावर संशय त्याच्यावर आला आणि कॅथलिक धर्मगुरूने आपल्या लोकांना त्याच्यासाठी बसण्यास मनाई केली. बदनामी त्या मुलीच्याही वाट्याला आली असणार, तिचे काय?

बांधावरची:
दिवसाची मजुरी बुडालेल्या घरात पैसे गौण नसतात, हे आपण शहरात बसून आम्हाला शिकवू नये!

समासातला:
व्हॅन गॉगपुरते मी मान्य करतो, नाइलाजाने. पण तो दोनशे वर्षांनंतरचा आहे. रेम्ब्राँच्या त्या शेतघरांतली माणसे कोठे आहेत, याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही.