मदत हवी आहे: नाशकात ड्राय आइस कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. नववीतल्या लेकीला विज्ञान प्रदर्शनासाठी क्लाऊड चेंबर (डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म कणांच्या वाटा दाखवणारी पेटी) करायचं आहे. काचेची पेटी, वरच्या बाजूला आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं फेल्ट, तळाला काळा पत्रा आणि त्याखाली उणे ७८ अंशांचा ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. तळाशी अल्कोहोलची वाफ इतकी गार होते की विद्युतभारित कण गेला की त्याच्या वाटेवर थेंबांची बारीक पांढरी रेघ उमटते. जाड, आखूड रेघ अल्फा कणाची (किरणोत्सारी पदार्थातून निघणारा जड कण), वेडीवाकडी इलेक्ट्रॉनची, लांब सरळ बहुधा म्युऑनची (अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे हवेत तयार होणारा, इलेक्ट्रॉनसारखाच पण जड कण). भौतिकशास्त्रज्ञ कार्ल अँडरसन यांना १९३२ साली पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचा धनभारित जुळा) क्लाऊड चेंबरमध्येच दिसला. म्युऑन तर आपल्या तळहातातून सेकंदाला साधारण एक जातो! पोरांनी हे नुसतं आकृतीत न बघता डोळ्यांनी बघावं, असं फार वाटतं.

सातपूर-अंबडकडे दोन-तीन किलो ड्राय आइस किरकोळीत कोणी देतं का? मुंबईहून आणला तर बराचसा वाटेतच उडून जाईल. अल्कोहोलही ९९ टक्क्यांचं हवंय. मेडिकलमधल्या ७० टक्केवाल्यात पाणी फार. जाड हातमोजे आणि उघड्या खिडक्या यांची सोय केली आहे. कोणी हे केलं असेल तर टॉर्च कुठल्या बाजूने धरला, तेही सांगा.