शब्दचर्चा : ‘हाय-रेझ डाउनलोड’ला मराठीत काय म्हणावं?

वेंगुर्ला : दशावतारी नाट्यपदं आणि भजनांच्या ध्वनिमुद्रणांची सूची करायची आहे. एका रकान्याला ‘हाय-रेझ (हाय-रेझोल्यूशन, म्हणजे जास्त बारकाव्याचा आवाज) डाउनलोड’ऐवजी मराठी नाव हवं. ‘उच्च-विभेदन अधोभारण’ असा शब्द सुचवला गेलाय. गावातल्या भजनीबुवांना तो कळेल का?

कुडाळ : नाही कळणार. ‘अधोभारण’ सोडूनच द्या, ‘उतरवून घेणे’ पुरेसं आहे. ‘विभेदन’ चुकीचा नाही, पण आवाजात त्यामागे दोन वेगळी मापं असतात: सेकंदाला किती नमुने घेतले आणि प्रत्येक नमुना किती बिटांत लिहिला. सीडी म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. त्यापुढचं सगळं ‘हाय-रेझ’ म्हणून विकलं जातं. म्हणून रकान्यात विशेषण नको, आकडा लिहा: २४/९६ (२४ बिट, ९६ किलोहर्ट्झ), २४/१९२.

२४ बिटांचा खरा उपयोग मुद्रण करताना होतो. पखवाजाची थाप अचानक चढते, त्यामुळे पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवून मोकळी जागा सोडावी लागते. तेवढी सोडूनही पायपेटीचा हळू सूर खरखरीत बुडत नाही. नुसतं ऐकायला १६ बिटांचे ९६ डेसिबल भरपूर झाले.

रत्नागिरी : ‘उतरवणे’ला माझी एक हरकत आहे. कायद्याच्या दृष्टीने वेगळ्या असलेल्या तीन गोष्टी त्यात एकत्र होतात. विकत घेतलेली फाइल आपल्याकडे राहते. अ‍ॅपमधलं ‘डाउनलोड’ कुलूपबंद असतं, वर्गणी थांबली की वाजत नाही. त्याला ‘साठवण’ म्हणा. ते कुलूप हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तर प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ चं कलम ६५अ लागतं, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तिसरी विनापरवाना नक्कल. त्याच अधिनियमातल्या कलम ५२ ची खाजगी वापराची सवलत व्हॉट्सअ‍ॅप गटावर वाटण्यासाठी नाही.

‘जुनं आहे, म्हणजे मोकळं’ हेही सूचीत लिहू नका. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. १९६० सालच्या तबकडीचा २०२० अखेर संपला. पण पदाचे शब्द आणि चाल यांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. दोन वेगळे रकाने करा.

गुहागर : आकारही लिहा. २४/९६ स्टिरिओ न दाबता मिनिटाला सुमारे ३४.५ एमबी होतो, फ्लॅकमध्ये (आवाज न गमावता दाबणारा फाइलप्रकार) साधारण २० एमबी. तासाभराचं भजन सव्वा जीबीच्या घरात जातं. पावसात वीज गेली की मोठी झिप अर्धवट राहते, म्हणून एकेक पद वेगळं उतरवावं. नंतर ‘फ्लॅक -टी’ ही आज्ञा चालवून तपासावं; फाइल तुटलेली असेल तर तिथेच कळतं. मेमरी कार्डाची मांडणी (फॉरमॅट) फॅट३२ असेल तर ४ जीबीची फाइल त्यावर बसत नाही, एक्सफॅट करून घ्या.

कुडाळ : फाइलवर २४/९६ लिहिलंय म्हणून आवाज तसा असतोच असं नाही. स्पेक किंवा ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये वर्णपट (कुठल्या वारंवारतेपर्यंत आवाज आहे ते दाखवणारं चित्र) पाहा. १६ किलोहर्ट्झला भिंतीसारखा सरळ काप दिसला तर मूळ बहुधा १२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३. २२ला दिसला तर सीडीवरून फुगवलेलं. जुन्या टेपवर मात्र वरचे स्वर हळूहळू विरत जातात. तो खोटेपणा नव्हे.

वेंगुर्ला : आणि ‘लॉसलेस’? तो हाय-रेझचाच पर्याय ना?

कुडाळ : नाही. सीडीवरून काढलेली १६ बिटांची फ्लॅकही लॉसलेसच. ‘बिनघट’ म्हणा. काजू-कोकमाच्या व्यवहारात वाळल्यावर येणारी घट सगळ्यांना ठाऊक आहे. इथे ती येत नाही. फक्त ब्लूटूथवर ऐकलंत तर बहुतेक वेळा वाटेत घट होते, एलडॅक या ब्लूटूथच्या वरच्या दर्जाच्या पद्धतीवरसुद्धा, कारण तो फार तर ९९० केबीपीएस पाठवतो आणि सीडीलाच १४११ लागतात. तुलना करायची तर तारेचा हेडफोन लावा.