रक्त घ्या, पण आधी ड्रिप बंद करा
मानेत सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेत घातलेली, दोन-तीन तोंडांची नळी) आहेच तर रोज हाताला कशाला टोचायचं, असं वर विचारलंय. पटतंय मला, हात काळेनिळे झाले की पेशंट पण कावतात, कुडाळकडे आयसीयूत असताना एक आजी मला रोज विचारायच्या, "आणि किती टोचतलंस गो बाय?" पण चालू ड्रिपचं कोणीच लिहिलं नाहीये इथे. याच आजींना लाइनच्या एका तोंडातून पोटॅशियम चालू होतं आणि नाइटच्या नवीन मुलीने ते न थांबवता शेजारच्या तोंडातून सॅम्पल काढलं, रिपोर्टमध्ये पोटॅशियम आलं ७.८, म्हणजे जीवावर बेतेल इतकं! धावपळ, पोटॅशियम उतरवायला इंसुलिन भरायला घेतलं, आणि मॉनिटरवर ईसीजी बघावा तर एकदम नॉर्मल. हाताच्या शिरेतून परत घेतलं तर ३.४. म्हणजे ड्रिपमधलंच पोटॅशियम सॅम्पलमध्ये आलं होतं.

त्यामुळे सगळ्या तोंडांची ड्रिप एक-दोन मिनिटं बंद, हब (सिरिंज जोडतो ते टोक) स्पिरिटच्या स्वॅबने नीट घासायचा (नुसता टेकवून चालत नाही, १५ सेकंद तरी), पहिलं ५ एमएल रक्त टाकून द्यायचं, मग सॅम्पल, आणि लगेच १० एमएल सलाइन थांबत थांबत ढकलायचं. हेपरिन लॉक (लाइन तुंबू नये म्हणून आत भरून ठेवलेलं रक्त पातळ ठेवणारं औषध) असेल तर एपीटीटी, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची टेस्ट, मात्र मी हातातूनच घेते, आजी रागावल्या तरी.